एप्रिल अखेरीस अंदमान : ऊन झेपेल का? (सोबत सासूबाई ६८, मुलं ११ आणि ७)

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. आम्ही वाईचे. यंदा सुट्टीत अंदमानला जायचं घरात ठरलंय. आम्ही दोघं, मुलगा ११, मुलगी ७ आणि सासूबाई ६८. सासूबाईंचा एक गुडघा दुखतो आणि बीपीची गोळी चालू आहे, बाकी ठणठणीत. खरं तर ही ट्रिप त्यांच्यासाठीच आहे. सेल्युलर जेलमधली सावरकरांची कोठडी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायची असं त्या मी लग्न होऊन आले तेव्हापासून म्हणतायत. मुलांना अर्थात समुद्र हवाय.

तर मुलांच्या परीक्षा २५ एप्रिलला संपतात. म्हणजे एकतर २७ एप्रिल ते ३ मे जायचं नाहीतर १५ ते २१ मे. एजंट म्हणतो मेमध्येच जा, ऑफसीझन लागतो, हॉटेलं स्वस्तात देतो. माझा भाऊ म्हणतो दोन्ही वेळा नको, भाजून याल, डिसेंबरात जा. डिसेंबरात आम्हाला दोघांनाही रजा मिळत नाही. आता तुम्हीच सांगा, ऊन झेपेल का? पाऊस कधी लागतो तिकडे? कपडे, औषधं, खाणं, बोटी, जे सुचेल ते लिहा.

तळ्यातमळ्यात
एप्रिल. डोळे झाकून एप्रिल.

वर्धेकर
अहो ताई, तिथे एप्रिलात पारा सहसा ३२-३३ च्या वर जात नाही. आमच्याकडे त्या दिवसांत ४३ असतं आणि लग्नं भर दुपारी लागतात. काही होत नाही, बिनधास्त जा.

पिंपळपान
@वर्धेकर, ३२ चा आकडा बरोबर आहे पण तुमचं ऊन कोरडं, तिथलं ओलं. आम्ही एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गेलो होतो. हवेत दमटपणा इतका की सकाळी धुतलेला रुमाल संध्याकाळी पण ओलाच. घाम येतो आणि वाळतच नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. विदर्भात सावलीत बसलं की बरं वाटतं, तिथे सावलीत पण चिकचिक असते, वारा सुटला तरच जिवाला बरं वाटतं. मुंबईत मेमध्ये जे होतं तेच समजा, फक्त समोर निळंशार पाणी.

म्हणून जाऊ नका असं नाही म्हणत हां. डिसेंबरात सुद्धा तिथे २९-३० असतंच. वर्षभर फरक थोडाच पडतो, थंडी अशी नसतेच. तुमच्या भावाला सांगा डिसेंबरात मिळते ती गर्दी आणि महागाई.

दर्यावर्दी
मी २२ वर्षं जहाजावर काढली, आता गुहागरला असतो. बंगालच्या उपसागरात अनेकदा गेलोय म्हणून लिहितो, थोडं लांबेल.

पावसाचं आधी सांगतो कारण तुमचा सगळा निर्णय त्यावर आहे. आपण मान्सून म्हटलं की १ जून आणि केरळ धरून चालतो. पण तो केरळात यायच्या आधी अंदमानात येतो, साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्यात. पेपरात दरवर्षी बातमी असते बघा, ‘मान्सून अंदमानात दाखल’, आणि आपण ती वाचून खूश होतो. आपल्याकडचे शेतकरी ज्या बातमीची वाट बघतात त्याच दिवशी तिथल्या पर्यटकाची सुट्टी पाण्यात जाते. २०२५ ला तर १३ मेलाच आला होता, आणि मग २४ मेला केरळ आणि २६ मेला मुंबई. म्हणजे तुमच्या १५ ते २१ मे या तारखा बरोब्बर मान्सूनच्या तोंडावर आहेत. एजंटाने हॉटेल स्वस्त दिलं यात नवल नाही.

दुसरं, एप्रिल-मे हा तिकडे चक्रीवादळांचाही हंगाम. दरवर्षी येतं असं नाही आणि आलं तरी बेटांवर येऊन आदळतं असं नाही, बऱ्याचदा ते बाजूने वर निघून जातं. मे २०२३ चं मोखा असंच अंदमानच्या पश्चिमेकडून वर म्यानमारकडे गेलं. पण लांबून गेलं तरी समुद्र खवळतो आणि बोटी बंद होतात. एप्रिलअखेरीस ही शक्यता कमी, मेच्या मध्यात जास्त.

आणि मार्च-एप्रिलचा अंदमानचा समुद्र, काय सांगू, तेल ओतल्यासारखा असतो. वारा पडलेला, पाणी नितळ, लाट नावाला. सासूबाईंना बोटीतून हॅवलॉक बेटावर न्यायचं तर याहून चांगले दिवस वर्षात नाहीत.

तळ्यातमळ्यात
तेच म्हटलं मी एका शब्दात :)

पावसाळी_पक्षी
थोडं वेगळं मत मांडते. आम्ही दोघं मेच्या तिसऱ्या आठवड्यातच गेलो होतो आणि आयुष्यातली सगळ्यात सुंदर सहल झाली. हॅवलॉकच्या राधानगर बीचवर संध्याकाळी मोजून दहा माणसं. पाऊस दिवसभर नव्हता, अर्धा-पाऊण तास धो धो आणि मग एकदम ऊन, झाडं धुतल्यासारखी हिरवीगार, मागे ते महाकाय वृक्ष आणि त्यातून वाफा निघतायत. बीचवर छत्री घेऊन बसलो होतो आम्ही. एक दिवस बोट रद्द झाली, मग आम्ही हॅवलॉकला एक दिवस जास्त राहिलो, एवढंच. ज्यांना पाऊस आवडतो त्यांनी मे टाळू नये.

दर्यावर्दी
@पावसाळी_पक्षी, तुमचं खरं आहे, दोघंच असाल आणि परतीची घाई नसेल तर पावसातलं अंदमान बघण्यासारखंच. पण इथे एक आजी, दोन लहान मुलं आणि विमानाची ठरलेली तिकिटं आहेत. यांच्यासाठी ‘एक दिवस जास्त राहिलो’ म्हणजे पाच तिकिटं बुडाली.

यावरून सगळ्यात महत्त्वाचं. कुठल्याही महिन्यात जा, परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री पोर्ट ब्लेअरला मुक्काम हवाच. सकाळी हॅवलॉकहून बोट आणि दुपारी विमान असं कोणी बांधून दिलं तर घेऊ नका. डिसेंबर २०१६ मध्ये, म्हणजे भर सीझनमध्ये, हवामान बिघडून हॅवलॉक आणि नील बेटांवर शेकडो लोक अडकले होते, शेवटी नौदलाने जहाजं पाठवून काढलं. तेव्हा पहिले दिवस बेटांवर, शेवटचे पोर्ट ब्लेअरला.

मीठभाकर
+१. आमच्याबरोबर हेच झालं. टूरवाल्याने शेवटच्या दिवशी सकाळची बोट ठेवली, ती दोन तास उशिरा सुटली आणि आम्ही विमानतळावर पोचलो तर काउंटर बंद. नवीन तिकिटांना जे पैसे गेले त्यात कोकणात दोन सहली झाल्या असत्या. आई रडायला लागली होती तिथे. कृपया हे मनावर घ्या ताई.

सावलीचा_माग
उन्हाबद्दल सगळे तापमान सांगतायत पण खरी गंमत घड्याळात आहे. मी शाळेत भूगोल शिकवतो, त्यामुळे हा विषय निघाला की राहवत नाही.

अंदमान आपल्यापेक्षा १९ अंश पूर्वेला आहे, म्हणजे बर्माच्या जवळ, पण घड्याळ आपलंच. एका अंशाला ४ मिनिटं धरा, सव्वा तासाचा फरक पडतो. एप्रिलअखेरीस तिथे पाचच्या सुमारास सूर्य उगवतो आणि संध्याकाळी साडेपाचला मावळतो. आणि खरी मध्यान्ह, म्हणजे सूर्य सगळ्यात वर, ती होते सव्वाअकराच्या थोडं पुढे! आपल्याकडे ती साडेबाराला होते. म्हणजे वाईत सव्वादहाला जसं ऊन असतं तसं तिथे ९ वाजता असतं. लोक इथून जातात, आठला उठतात, आरामात नाश्ता करतात आणि साडेदहाला बीचवर पोचतात, म्हणजे वाईच्या उन्हाच्या हिशोबाने पावणेबारा वाजता. मग म्हणतात अंदमानात भाजलो.

अजून एक. आपला शून्य सावली दिवस (मध्यान्हीला सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली पायाखाली जाते तो) मेच्या मध्यात येतो, पुण्यात १३-१४ मेला, मुंबईत त्यानंतर एक-दोन दिवसांनी. पोर्ट ब्लेअर साडेअकरा अंशांवर आहे, तिथे तो २० एप्रिलच्या आसपासच येऊन जातो. तुम्ही जाल तेव्हा आठवडा उलटलेला असेल पण सूर्य जवळजवळ डोक्यावरच. ३२ अंश दिसले तरी किरण सरळ खाली येतात, खालून पाणी आणि पांढरी वाळू परत वर फेकतात. टोपी घालून सुद्धा हनुवटी भाजते ती त्यामुळे.

उपाय सोपा. साडेचारला उठा. साडेपाच ते साडेआठ समुद्र, मग नाश्ता, ९ ते ३ खोली, जेवण, झोप. तीननंतर परत बाहेर. साडेपाचला सूर्यास्त बघा, आठला झोपा. तिथली लोकं तसंच जगतात.

पिंपळपान
@सावलीचा_माग, कमाल प्रतिसाद! आम्ही रोज दहाला निघत होतो आणि सूर्यास्त चुकला म्हणून हळहळत होतो. वाचनखूण साठवली.

वर्धेकर
सव्वाअकराला मध्यान्ह हे माहीत नव्हतं. मुलीला वाचून दाखवलं, ती आता गच्चीत काठी रोवून बसलीये.

सावलीचा_माग
@वर्धेकर, हे वाचून फार आनंद झाला. तिला सांगा दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खूण करायची, सगळ्यात लहान सावली मिळाली की ती तिची मध्यान्ह. वर्ध्याला आमच्यापेक्षा वीस मिनिटं आधी होईल.

आलेपाक
सासूबाईंसाठी लिहिते, मी माझ्या आईला (७१) घेऊन गेले होते.

बोट लागते का त्यांना? घाटात गाडी लागत असेल तर बोटही लागू शकते. डॉक्टरांना विचारून गोळी घ्या आणि ती बोटीत बसल्यावर नाही, निघायच्या आधी अर्धा-एक तास. खालच्या डेकवर मधली सीट मागा, तिथे हेलकावा कमी. रिकाम्या पोटी नाही आणि भरपेटही नाही. आईने वाटेत आलेपाकाच्या वड्या चघळल्या, तिला त्याचा फार उपयोग झाला. खासगी बोटी एसी असतात, दीड-दोन तासांत हॅवलॉक, पण आत गार होतं म्हणून शाल हातात ठेवा. सरकारी बोट स्वस्त, जरा जास्त वेळ लागतो पण डेकवर उभं राहता येतं, मुलांना ती जास्त आवडेल.

पाणी पिण्याबद्दल. समुद्राजवळ वारा असला की तहान कळत नाही. आईचं असंच झालं, दुसऱ्या दिवशी गरगरायला लागलं. मग मी घड्याळ लावून दर तासाला पाणी, दिवसातून दोन शहाळी असं ठेवलं. बीपी असेल तर मीठ-साखरेच्या पाण्याचं मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवा. बीपीच्या गोळ्या आठ दिवस जास्तीच्या घ्या आणि निम्म्या हँडबॅगमध्ये ठेवा.

खाण्याचं म्हणाल तर मासे खात असाल तर चंगळ. हॅवलॉक-नीलला पूर्व बंगालातून येऊन वसलेल्या लोकांची वस्ती आहे, भात आणि माशाचं कालवण घरच्यासारखं मिळतं. शाकाहारी लोकांनी मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि भडंग न्यावं. गरम भात कुठेही मिळतो, वर मेतकूट-तूप, आईचं जेवण झालं.

निळाई
एप्रिल समुद्राखाली बघायला उत्तम, पाणी स्वच्छ असतं. मुलगा ११ चा आहे म्हणजे स्कुबाचा अनुभव घेऊ शकतो (१० च्या पुढे घेतात), मुलीला स्नॉर्कलिंग. एलिफंटा बीचला सकाळची पहिली बोट पकडा. स्कुबा केल्यावर निदान १८ ते २४ तास विमानात बसायचं नाही, म्हणून तो पहिल्या दोन-तीन दिवसांत उरकून घ्या.

आणि एक कळकळीचं सांगणं. एप्रिल-मेमध्ये पाणी तापतं आणि प्रवाळाला तो ताण सगळ्यात जास्त असतो. पाणी नेहमीपेक्षा एखाद-दोन अंशांनी जास्त दिवस तापलेलं राहिलं की प्रवाळ आपल्या अंगातलं शेवाळ बाहेर टाकतं, तेच त्याचं अन्न आणि तोच त्याचा रंग, मग ते पांढरं पडतं. २०१० ला आणि २०१६ ला अंदमानात हे झालं. मी २०१० नंतरच्या वर्षी पहिल्यांदा गेले तेव्हा नीलजवळ हाडांच्या ढिगासारखा तळ बघितलाय, मास्कच्या आत डोळे भरून आले होते. म्हणून त्यावर उभं राहू नका, हात लावू नका, ओहोटीला चालताना बघून पाय ठेवा. सनस्क्रीन थापण्यापेक्षा मुलांना पूर्ण बाह्यांचे पोहण्याचे कपडे घाला, ऊनही लागत नाही आणि पाण्यात रसायनही जात नाही. शंख-शिंपले, प्रवाळाचे तुकडे खिशात घालून आणू नका, कायद्याने बंदी आहे, विमानतळावर बॅग उघडतात.

आलेपाक
@निळाई, एलिफंट बीच :) एलिफंटा आपल्या मुंबईचं.

निळाई
अरे हो, एलिफंट बीच! लहानपणापासून घारापुरीला जाऊन जाऊन बोटांना तीच सवय.

खाडीकाठ
बेटंच बघायची तर मालवणला या की! सिंधुदुर्ग किल्ला बेटावरच आहे, महाराजांनी १६६४ ते १६६७ मध्ये बांधला. तारकर्लीला स्कुबा आहे, देवबागला संगम आहे, विमानाचा खर्च नाही. फक्त मेच्या शेवटच्या आठवड्याआधी या, मग पावसासाठी होड्या बंद होतात.

मोकाबाजार
आणि ज्यांना मेमध्येच रजा आहे त्यांनी मॉरिशसचा विचार करा. मी कामानिमित्त तीन वर्षं तिथे होतो. ते विषुववृत्ताच्या खाली असल्याने मेमध्ये तिथे हिवाळा सुरू होत असतो, पाऊस कमी, हवा सुखाची. मराठी माणसंही आहेत, दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी उसाच्या मळ्यांवर कामाला गेलेल्यांच्या पुढच्या पिढ्या. गणपती बसवतात, तिथल्या म्हाताऱ्यांची मराठी ऐकली की अंगावर काटा येतो. श्रीलंकेला मेमध्ये जाणार असाल तर गॉल-बेंटोटाला पावसाळा लागतो, तेव्हा पूर्वेला त्रिंकोमालीकडे जा.

तळ्यातमळ्यात
धागा वाईहून निघाला, घारापुरी-मालवण करून मॉरिशसला पोचला. सासूबाईंना कोठडी बघायचीय मंडळी, परत या.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. सासूबाईंना सगळे प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले. साडेचारला उठायचं हे ऐकून त्या म्हणाल्या मी तर रोजच उठते, तुमचं बघा. २७ एप्रिल नक्की करतोय. अजून दोन प्रश्न. जेलमध्ये जिने किती आहेत? आणि एजंटाने बाराटांग बेटावरची गुंफा घातलीये एका दिवसात, ती ठेवू का?

गुरुजी_चिपळूण
जेलचं मी सांगतो, दोनदा विद्यार्थ्यांना घेऊन गेलोय.

सावरकरांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर, ओळीच्या टोकाला आहे. जिने चढावेच लागतात. म्हणून सकाळी उघडल्या उघडल्या जा, ऊन चढायच्या आत वर जाऊन या, प्रदर्शनं खाली आहेत ती नंतर बघा. एका दमात चढवू नका. मधल्या मजल्यावर थांबलं तर तिथूनच इमारतीची रचना समजावून सांगता येते. १८९६ ते १९०६ मध्ये बांधलेली, मधल्या मनोऱ्यापासून सात पाकळ्या निघाव्यात तशा सात ओळी, एकूण ६९३ कोठड्या. एका ओळीचं तोंड दुसऱ्या ओळीच्या पाठीकडे, म्हणजे समोरच्या कैद्याचा चेहरा कधी दिसूच नये. आता तीनच ओळी उरल्यात.

सावरकर १९११ ते १९२१ तिथे होते. त्यांचे थोरले भाऊ बाबाराव त्यांच्या आधीपासून त्याच तुरुंगात. खाली अंगणात कोलू, म्हणजे तेलाचा घाणा, ठेवलाय, रोज ३० पौंड खोबरेल गाळायचं माप होतं. मी मुलांना त्या कोलूचा दांडा धरून फक्त उभं राहायला सांगितलं, एप्रिलच्याच दिवसांत. पाच मिनिटांत सगळ्यांच्या कपाळावरून घाम ओघळायला लागला. मग काही बोलावं लागलं नाही.

ताई, म्हणून मी म्हणेन सासूबाईंना तिथे घाई करू नका. अर्धा दिवस फक्त त्यासाठीच ठेवा. संध्याकाळी ध्वनी-प्रकाश कार्यक्रम असतो, तिकीट आधी काढा, डासांसाठी मलम लावून बसा.

दर्यावर्दी
बाराटांग काढून टाका. पहाटे तीन-चारला निघायचं, शंभरेक किलोमीटर रस्ता, जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांचा ताफा सुटायची वाट बघत बसायचं, वाटेत थांबता येत नाही, मग होडी, मग गुंफेपर्यंत चिखलातून पायी. गुडघेदुखी असलेल्या माणसाने करू नये.

निळाई
आणि तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. फोटो काढणं, थांबणं, खायला देणं सगळं गुन्हा आहे, तरी गाड्यांमधली माणसं काचांना नाक लावून बसलेली असतात. मी एकदा गेले आणि परत जाणार नाही. त्या लोकांचं घर आहे ते, आपण त्यांना बघायला जाण्याची जागा नाही.

त्याऐवजी रॉस बेट करा, आता त्याचं नाव नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप आहे. पोर्ट ब्लेअरहून होडीने थोडंसंच अंतर, ब्रिटिशांच्या पडक्या इमारतींना वडा-पिंपळाच्या मुळांनी विळखा घातलाय, हरणं फिरतात आणि वयस्क लोकांना बॅटरीची गाडी आहे.

आलेपाक
नावांवरून आठवलं. हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप झालंय २०१८ पासून आणि पोर्ट ब्लेअरचं २०२४ मध्ये श्री विजयपुरम. तिकिटांवर कुठलंही नाव असू शकतं, गोंधळू नका.

खाडीकाठ
नीलला नैसर्गिक पूल बघायला ओहोटी लागते. तिथी काढा, तिथीला पाऊणने गुणा, आली ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता भरती, पुढे सहा तासांनी ओहोटी.

दर्यावर्दी
@खाडीकाठ, तो हिशोब आपल्या किनाऱ्याचा, मीही त्यावरच वाढलो. पण अंदमानात तो चालत नाही, प्रत्येक बंदराची वेळ वेगळी असते. तिथलं भरती-ओहोटीचं कोष्टक बघा किंवा आदल्या रात्री हॉटेलवाल्याला विचारा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटीला पाणी सगळ्यात जास्त मागे हटतं, पूल तेव्हा छान बघता येतो.

मीठभाकर
पाण्यात उतरायचं ते जिथे लाइफगार्ड आणि खुणा लावल्यात तेवढ्याच भागात. तिथे खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, खाडीच्या तोंडाशी आणि तिवरांच्या बाजूला अजिबात नको. आणि वाळूतल्या बारीक माश्या चावतात, दोन दिवस खाज जात नाही, पायाला खोबरेल चोपडून बसा. रोख पैसे पोर्ट ब्लेअरलाच काढून ठेवा, बेटांवर एटीएम मोजकी आहेत.

कृष्णाकाठ
(धागा वर काढतेय.)

मंडळी, जाऊन आलो, सुखरूप. ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांना सांगायलाच हवं म्हणून आधी इथे आले.

ऊन झेपलं का? हो, पण @सावलीचा_माग यांच्या वेळापत्रकामुळेच. पहिल्या दिवशी हॅवलॉकला पोचलो तेव्हा साडेदहा वाजले होते आणि खोलीपर्यंत सामान नेईस्तोवर मुलीचा चेहरा लालबुंद. तेव्हाच पटलं. दुसऱ्या दिवसापासून पहाटे पाचला बीचवर. राधानगरला पहाटे आम्ही पाच आणि दोन कुत्री. पाणी इतकं कोमट की सासूबाई, ज्यांनी आयुष्यात कृष्णेत पण घोट्याच्या वर पाय घातला नव्हता, त्या नऊवारी वर खोचून कमरेएवढ्या पाण्यात बसून राहिल्या. उठायलाच तयार नाहीत. गुडघ्याला फार बरं वाटतंय म्हणाल्या. दुपारी सगळे गुडूप झोपायचे आणि रात्री आठला परत. हॅवलॉकला नऊ ते तीन बाहेर पडलोच नाही.

पाऊस एकदाच, तिसऱ्या रात्री, वीस मिनिटं. समुद्र खरंच तेलासारखा होता दर्यावर्दी काका, बोट कोणालाच लागली नाही. आलेपाकाच्या वड्या मुलांनीच संपवल्या. मुलाने स्कुबा केला, वर आला तो काही बोलेनाच, मग एकदम म्हणाला आई खाली आवाजच नाहीये. नीलचा पूल नीट बघता आला नाही, आम्ही गेलो तेव्हा पाणी चढत होतं, वेळ विचारायची राहून गेली.

जेल शेवटून दुसऱ्या दिवशी ठेवलं. दार उघडायच्या आधीच जाऊन उभे होतो. सासूबाई प्रत्येक मजल्यावर थांबत वर गेल्या, गुरुजींनी सांगितलं तसंच मुलाने त्यांना ओळींची पाठ आणि तोंड दाखवलं. कोठडीत शिरल्या, चप्पल बाहेर काढून. हात जोडून उभ्या राहिल्या, मग भिंतीला हात लावला. त्यांच्या वडिलांनी त्यांना लहानपणी या कोठडीची गोष्ट सांगितली होती, ते मला पहिल्यांदाच तिथे कळलं. वर ती एवढीशी खिडकी आहे ना, तिच्याकडे बघत म्हणाल्या, अण्णांना हे बघायचं होतं, राहून गेलं. मागे माणसं थांबली होती पण कोणी घाई केली नाही. आम्ही बाहेर कठड्याशी उभे होतो.

परतीच्या आदल्या रात्री पोर्ट ब्लेअरला मुक्काम केला. विमान वेळेवर मिळालं.

गुरुजी_चिपळूण
ताई, तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

पावसाळी_पक्षी
नऊवारीत पाण्यात बसलेल्या आजी डोळ्यासमोर आल्या. फोटो असेल तर त्यांना विचारून टाका ना.

कृष्णाकाठ
विचारलं. नको म्हणाल्या, पण पुढच्या वर्षी परत नेणार का असं मलाच विचारतायत.

शेवंता_०७
मस्त धागा. आम्ही पुढच्या मार्चमध्ये जातोय, आजोबा ७६, चालतात पण हळू. मार्चच्या शेवटी सूर्योदय किती वाजता असेल? आणि रॉस बेटावरची ती बॅटरीची गाडी वरपर्यंत जाते का?

कृष्णाकाठ
सूर्योदय सावलीचा_माग सांगतील. गाडी बरीच वरपर्यंत जाते, पण शेवटी दीपगृहाकडे उतरायला पायऱ्या आहेत, तिथे सासूबाई वरच बाकावर बसल्या आणि आम्ही आळीपाळीने खाली जाऊन आलो.

सावलीचा_माग
मार्चअखेरीस साधारण सव्वापाच-साडेपाचच्या मध्ये. आजोबांना पाचला उठवा.